पुढच्या महिन्याच्या रिलीजची यादी भारतात बसून कशी बांधावी: गेम, सिनेमा, मालिका आणि अनिमे

प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात दोन मोठे गेम, आयमॅक्सवर बघायचा एक सिनेमा, दोन-तीन मालिका आणि अनिमे (जपानी ॲनिमेशन) असं सगळं एकदम येतंय. परदेशी संकेतस्थळांवरच्या याद्या उतरवून घेतल्या तरी ऐन वेळी काहीतरी फसतं. कधी मालिका भारतात कुठे लागते तेच सापडत नाही, कधी गेम उघडला तरी डाउनलोड अर्धवट असतं, कधी शहरात आयमॅक्सचा एकही खेळ नसतो. वेळ आणि पैसे दोन्ही मोजके आहेत. मग यादी कशी करायची?

अशा बहुतेक याद्यांत नाव आणि तारीख एवढे दोनच रकाने असतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. रकाने पाच करा. नाव, भारतीय घड्याळाप्रमाणे तारीख-वार-तास, भारतात कुठे मिळणार, तारीख किती पक्की आहे, आणि पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचा दिवस. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, पण खिशाचं नुकसान त्यामुळेच होतं. रिलीजचा दिवस कंपनी ठरवते. पैसे द्यायचा दिवस तुमच्या हातात असतो आणि तो जवळजवळ नेहमी रिलीजनंतर ठेवता येतो.

नमुन्यासाठी सप्टेंबर २०२५ घेऊ. त्या महिन्यात बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र आल्या होत्या, आणि तारखा घडून गेलेल्या असल्यामुळे पडताळता येतात. ३ सप्टेंबरला नेटफ्लिक्सवर 'वेन्सडे'च्या दुसऱ्या सीझनचा उरलेला भाग आला. ४ सप्टेंबरला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा गेम आला. १२ सप्टेंबरला एकाच शुक्रवारी 'बॉर्डरलँड्स ४' हा गेम, 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' हा अनिमे सिनेमा आणि मराठीतला 'दशावतार' असे तिघं आले. 'एलियन: अर्थ' आणि 'पीसमेकर'चा दुसरा सीझन या दोन मालिका ऑगस्टपासून दर आठवड्याला चालूच होत्या. २ ऑक्टोबरला 'घोस्ट ऑफ योतेई' हा गेम पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर येणार होता. आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या संध्याकाळी कुणाच्या हातात किती राहणार होत्या, हे घरोघरी ठाऊक होतं.

आधी तास मोजा

तारखा लिहिण्याआधी महिन्यात मोकळे तास किती आहेत ते लिहा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला १० तास मिळाले तर महिन्याला ४०. आठ भागांची मालिका, भाग सरासरी ४५ मिनिटांचा धरला तर ६ तास. अशा दोन मालिकांचे १२. 'इन्फिनिटी कॅसल' १५५ मिनिटांचा आहे. त्यात जाहिराती, मध्यंतर आणि पुण्या-मुंबईतलं जाणं-येणं धरलं की साडेचार तास गेले. दोन सिनेमांचे ९. एकूण २१ झाले, उरले १९. मोठ्या मोकळ्या जगाच्या गेमची मुख्य कथाच २५-३० तासांच्या पुढे जाते. याचा अर्थ त्या महिन्यात दोन्ही गेम रिलीजच्या दिवशी विकत घेणाऱ्याला एकही पुरा करता येत नव्हता.

म्हणून नियम ठेवा: महिन्याला पहिल्या दिवशी घ्यायचा गेम एकच. दुसरा 'नंतर' या यादीत जातो. नंतर घेतल्याने तो स्वस्त मिळतो आणि दोन-तीन पॅच (दुरुस्तीच्या अपडेट) होऊन सुधारलेलाही असतो. पहिल्या दिवशी कोणता घ्यायचा याची कसोटी किमतीवर लावू नका, उत्कंठा कशात आहे ते बघा. ज्याचं रहस्य आठवडाभरात सगळीकडे फुटेल किंवा ज्याची ऑनलाइन गर्दी पहिल्या महिन्यातच असते, तो आधी. एकट्याने खेळायचा आणि कथा फुटली तरी मजा न जाणारा गेम थांबू शकतो.

घड्याळ

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच जास्त होतात.

अमेरिकेच्या पॅसिफिक, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या वेळेपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा. ईस्टर्न, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या वेळेपेक्षा साडेनऊ आणि साडेदहा. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनपेक्षा आपण साडेचार किंवा साडेपाच तास पुढे. तिथले बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात, अमेरिकेबरोबर होत नाहीत. त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये चालू असलेली मालिका अधेमधे एक तास सरकते. कॅलेंडरमध्ये 'दर आठवड्याला याच वेळी' अशी आठवण लावली असेल तर त्या दोन महिन्यांत ती हाताने दुरुस्त करा. याहून बरं म्हणजे नोंद करतानाच मूळ टाइमझोन निवडा, मग फोन स्वतः हिशेब करतो.

जपान बारा महिने आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. तिथे घड्याळ बदलत नाही.

आता हे वापरून बघा. नेटफ्लिक्सचे जागतिक कार्यक्रम साधारण पॅसिफिक मध्यरात्री उघडतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, हिवाळ्यात दीड. रात्री बारापासून जागं राहण्यात काही अर्थ नाही. 'पीसमेकर' गुरुवारी रात्री ९ ईस्टर्नला यायची, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी साडेसहाला. 'एलियन: अर्थ' मंगळवारी रात्री ८ ची, म्हणजे बुधवारी पहाटे साडेपाचची. अमेरिकन यादीतली तारीख तशीच उतरवली की इथे वारच चुकतो. तुम्ही गुरुवारी रात्री शोधत बसता, भाग सापडत नाही आणि शुक्रवारी कामाला लागेपर्यंत सोशल मीडियावर शेवट वाचून होतो.

गेमचं उघडणं दोन प्रकारचं असतं. एक, सगळ्या जगात एकाच क्षणी. दोन, ज्या त्या देशातल्या मध्यरात्री. कन्सोलवर, म्हणजे पीएस५सारख्या यंत्रावर, दुसरा प्रकार बऱ्याचदा दिसतो, पीसीवर पहिला. 'बॉर्डरलँड्स ४'मध्ये दोन्ही होते. कागदावर तारीख १२ सप्टेंबर, पण पीसीवर तो ११ तारखेला पॅसिफिक सकाळी ९ ला उघडला, म्हणजे आपल्याकडे त्याच रात्री साडेनऊला. कन्सोलवर मात्र १२ ची स्थानिक मध्यरात्र. 'सिल्कसाँग' पॅसिफिक सकाळी ७ ला उघडला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला. स्थानिक मध्यरात्रीच्या रिलीजमध्ये आपण पूर्वेकडे असल्याचा फायदाही आहे: उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास आधी गेम आपल्या हातात असतो. नेमका तास कंपनी सहसा शेवटच्या आठवड्यात नकाशाच्या चित्रासह जाहीर करते. त्यात मुंबई किंवा दिल्ली नसेल तर लंडनच्या वेळेत साडेचार किंवा साडेपाच मिळवा.

तारीख किती पक्की

चौथ्या रकान्यात तीनच खुणा ठेवा. 'पक्की' म्हणजे दिवस, तास आणि भारतातलं ठिकाण तिन्ही जाहीर. 'बरीचशी' म्हणजे फक्त दिवस जाहीर. 'कच्ची' म्हणजे महिना, तिमाही किंवा दुकानाच्या पानावरची नुसती तारीख. ३० जून, ३१ डिसेंबर अशा तिमाही-वर्षअखेरीच्या तारखा दिसल्या तर त्या बहुधा जागा भरायला टाकलेल्या असतात. त्या यादीत घेऊच नका.

'गोल्ड' झाला, म्हणजे डिस्क छापायला गेली, ही बातमी अनेकांना शेवटचा शब्द वाटते. 'सायबरपंक २०७७' ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला गोल्ड झाला होता, तरी त्याच महिन्याच्या अखेरीस १९ नोव्हेंबरची तारीख १० डिसेंबरवर गेली. त्याआधी ती एप्रिलवरून सप्टेंबरवर आणि सप्टेंबरवरून नोव्हेंबरवर सरकली होतीच. माझ्या मते गोल्डपेक्षा भरवशाची खूण म्हणजे प्रीलोडची, म्हणजे गेम रिलीजआधीच उतरवून ठेवता येण्याची, तारीख आणि तास जाहीर होणं. तिथून पुढे तारीख क्वचितच हलते.

तारखा कधी आधीही सरकतात, हे विसरू नका. 'बॉल्डर्स गेट ३' पीसीवर ३१ ऑगस्ट २०२३ ऐवजी ३ ऑगस्टला आला. 'बॉर्डरलँड्स ४' २३ सप्टेंबरवरून १२ वर आला, पण त्याचीच निन्टेंडो स्विच २ वरची आवृत्ती ३ ऑक्टोबरला यायची ती दहा दिवस उरले असताना पुढे ढकलली गेली आणि नवी तारीख दिलीच नाही. म्हणून एकाच गेमची पीसी, कन्सोल आणि हातातल्या यंत्राची नोंद वेगवेगळ्या ओळींत करा.

'सिल्कसाँग'ची तारीख तर २१ ऑगस्टला, म्हणजे दोन आठवडे आधी कळली. त्या बातमीने 'डेमनस्कूल', 'बेबी स्टेप्स' अशा छोट्या स्टुडिओंच्या गेमनी स्वतःच्या तारखा हलवल्या. मोठं नाव अचानक आलं की त्या दोन आठवड्यांतल्या लहान गेमच्या सगळ्या ओळी पुन्हा तपासा. आणि 'जीटीए ६'सारखा गेम, जो २०२५ वरून २६ मे २०२६ वर आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेला, त्यासाठी सुट्टीचा अर्ज प्रीलोड जाहीर होईपर्यंत देऊ नका.

पैसे कधी द्यायचे

पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात नियम साधा आहे: विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. प्री-ऑर्डर रिलीजपर्यंत कधीही रद्द करता येते आणि नंतरचे १४ दिवस रिलीजपासून मोजले जातात. दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, महागड्या आवृत्तीबरोबर मिळणारा तीन-पाच दिवस आधीचा प्रवेश. त्यात खेळलेला वेळ २०२४ पासून त्या २ तासांत धरला जातो. दुसरं, पहिल्यांदा गेम चालू केल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतात. कमी ताकदीच्या प्रोसेसरवर यात बराच वेळ जातो, आणि गेम चालू असल्यामुळे ती मिनिटंही मोजली जातात. म्हणून पहिल्या बैठकीत दीड तासाचा गजर लावा. सुरुवातीचं चित्रण बघत न बसता ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जा, गर्दीच्या प्रसंगात सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते बघा आणि ठेवायचा की परत करायचा ते तेव्हाच ठरवा.

प्लेस्टेशन स्टोअरवर नियम कडक आहे. डाउनलोड सुरू झालं की गेम सदोष असल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. प्री-ऑर्डर केली की रिलीजआधी गेम आपोआप उतरायला लागतो, आणि तिथेच हक्क जातो. प्री-ऑर्डर करायचीच असेल तर आपोआप डाउनलोडचा पर्याय बंद ठेवा आणि परीक्षणं वाचून झाल्यावर हाताने सुरू करा. खरं तर डिजिटल गेम संपत नाही. प्री-ऑर्डरने जागा राखली जात नाही, चार पोशाख आणि एखादी बंदूक एवढंच जास्त मिळतं. हाताशी ठेवण्याची खास आवृत्ती, पुतळा, स्टीलचं खोकं हवं असेल तरच आधी पैसे गुंतवण्याला अर्थ आहे.

पाचव्या रकान्यात काय लिहायचं ते परीक्षणं प्रसिद्ध करण्यावरची कंपनीची बंदी कधी उठते त्यावरून ठरतं. रिलीजच्या दोन-तीन दिवस आधी उठणार असेल तर निर्णयाचा दिवस तोच. रिलीजच्याच तासाला उठणार असेल तर निर्णय दोन दिवस पुढे न्या. परीक्षण कुठल्या यंत्रावर केलंय हेही वाचा. 'सायबरपंक'ची पहिली परीक्षणं पीसीवरची होती, कन्सोलची प्रत परीक्षकांना मिळालीच नव्हती. जुन्या कन्सोलवर तो इतका अस्थिर निघाला की सोनीने १८ डिसेंबर २०२० ला तो दुकानातून काढला आणि २१ जून २०२१ ला परत ठेवला. 'बॉर्डरलँड्स ४'च्या बाबतीतही पीसीवर पहिल्याच दिवशी मंद चालण्याच्या तक्रारी आल्या. चार दिवस थांबणाऱ्याला आपल्याच ग्राफिक्स कार्डावर तो कसा चालतो याचे डझनभर व्हिडिओ फुकट बघायला मिळाले.

'सिल्कसाँग'च्या दिवशी वेगळीच अडचण आली. प्री-ऑर्डर नव्हती, त्यामुळे सगळे एकाच मिनिटाला दुकानात शिरले, आणि स्टीमसह सगळ्याच कन्सोलची दुकानं काही काळ कोलमडली. अशा वेळी स्टीम वॉलेटमध्ये आदल्या दिवशीच रक्कम भरून ठेवा. यूपीआयचा व्यवहार अर्धवट अडकला तर पुन्हा पैसे पाठवू नका. खात्यातला खरेदीचा इतिहास उघडून व्यवहार 'प्रलंबित' दिसतोय का ते बघा आणि तो मिटेपर्यंत थांबा. घाईत दोनदा पैसे गेले की परत यायला काही दिवस लागतात.

जागा आणि डाउनलोड

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि गेमचा आकार गिगाबाइटमध्ये. वेगाला ८ ने भागा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे १०० जीबीला सव्वादोन तास. प्रत्यक्षात तीन धरा. ४० एमबीपीएसवर तेच साडेपाच तास, प्रत्यक्षात सात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असेल तर वेग आणखी पडतो. प्रीलोडच्या रात्रीपुरती लॅन केबल ओढा. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या अनेक फायबर योजनांत महिन्याला सुमारे ३.३ टीबीची मर्यादा असते. एकट्याला ती पुरते, पण घरात चौघं फोर-के बघत असतील आणि महिन्यात पाच मोठे गेम उतरवले तर शेवटच्या आठवड्यात वेग पडू शकतो.

स्टीमचा प्रीलोड कुलूप लावलेल्या स्थितीत उतरतो. रिलीजच्या क्षणी तो उलगडताना मोकळी जागा गेमच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट लागू शकते. १०० जीबीच्या गेमला १२० जीबी मोकळी ठेवली आणि तरी 'जागा अपुरी' आलं, याचं कारण हेच. साध्या हार्ड डिस्कवर ही उलगड तासभर चालते, एसएसडीवर काही मिनिटांत आटोपते. पीएस५ च्या मूळ ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ च मिळतात, म्हणजे मोठे गेम पाच-सहा. जागा वाढवायची तर चौथ्या पिढीची एम.२ एनव्हीएमई एसएसडी लागते, वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा वर, आणि उष्णता काढणारी पट्टी बसवलेली. 'बॉल्डर्स गेट ३'ला तर प्रीलोडच नव्हता आणि १५० जीबी एसएसडी मागितली होती. अशा गेमसाठी खेळायचा दिवस रिलीजचा दुसरा दिवस असं आधीच लिहून ठेवा. याउलट 'सिल्कसाँग' १० जीबीच्या आतला होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरला असता.

पडदा कुणाच्या ताब्यात आहे

आयमॅक्सच्या ओळीत सिनेमाचं नाव लिहिण्याआधी त्या आठवड्यात आणखी कोणता मोठा सिनेमा येतोय ते बघा. आपल्याकडे आयमॅक्सचे पडदे मोजके आहेत. 'इंटरस्टेलर'चं आयमॅक्स पुनर्प्रदर्शन अमेरिकेत डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात झालं, पण इथे ५ डिसेंबरला 'पुष्पा २' आला आणि पडदे त्याच्याकडे गेले. 'इंटरस्टेलर' भारतात ७ फेब्रुवारी २०२५ ला लागला आणि आठवड्याने 'कॅप्टन अमेरिका'च्या नव्या सिनेमाने पडदे घेतले. अशा वेळी 'दुसऱ्या आठवड्यात बघू' हा बेत चालत नाही.

आयमॅक्स म्हणजे सगळीकडे सारखं चित्र, असंही नाही. 'ओपनहायमर'च्या ७० एमएम आयमॅक्स प्रती जगात ३० चित्रपटगृहांत लागल्या, त्यांत भारतातलं एकही नव्हतं. इथे दिसतं ते डिजिटल आयमॅक्स, रुंदी-उंचीचं प्रमाण १.९० ला १. परदेशी लेखात वाचलेला जवळजवळ चौकोनी, उंच पडदा मनात धरून तिकीट काढू नका. बसायची जागा मधली, पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे. त्या रांगा गेल्या असतील तर पुढच्या तीन रांगांत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचा खेळ घ्या.

आपली थिएटरं शुक्रवार ते गुरुवार असा आठवडा धरतात आणि पुढच्या आठवड्याचे खेळ साधारण बुधवारी-गुरुवारी ठरतात. पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवर पुढचे खेळ वाढतात किंवा कमी होतात. मराठी सिनेमा आणि परदेशी कमी गाजलेला सिनेमा, दोघांनाही याचा फटका बसतो. म्हणून १२ सप्टेंबरसारख्या शुक्रवारी क्रम असा ठेवा: 'डेमन स्लेयर'ला अनेक शहरांत पहाटेपासून खेळ होते, तो आठवडाभरात कधीही मिळाला असता. म्हणून आधी 'दशावतार' शनिवार-रविवारी बघून घ्या. आपल्या भाषेतल्या सिनेमाचा खेळ वाचवायचा असेल तर पहिल्याच तीन दिवसांत तिकीट काढण्यासारखा दुसरा उपाय नाही.

तिकीट काढताना भाषा दोनदा तपासा. अनिमे सिनेमात मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आवाज, हिंदी आवाज असे वेगवेगळे खेळ एकाच थिएटरात एका तासाच्या अंतराने असतात. मराठीचा पर्यायही कधीतरी निघतो: २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. मूल बरोबर असेल तर प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांनंतर यूए आता ७+, १३+ आणि १६+ असं विभागलंय.

मालिका कुठल्या ॲपवर

अमेरिकन यादीत 'एचबीओ मॅक्स' किंवा 'हुलू' लिहिलेलं असतं, तेच पाहून गोंधळ होतो. २०२५ मध्ये आपल्याकडे एचबीओच्या आणि एफएक्स-हुलूच्या मालिका जिओहॉटस्टारवर लागत होत्या. पण हे करार बदलतात. ३१ मार्च २०२३ ला एचबीओचं सगळं डिस्ने+ हॉटस्टारवरून निघालं, मग ते जिओसिनेमावर आलं, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही ॲप एक झाले. त्यामुळे वर्षाची वर्गणी भरताना एकाच मालिकेवर विसंबू नका, आणि ओळ 'पक्की' करण्याआधी भारतातल्या ॲपमध्येच ते नाव शोधा.

वर्गणीचा हिशेब शेवटच्या भागापासून मागे करा. 'एलियन: अर्थ'चा आठवा भाग इथे २४ सप्टेंबरला आला, 'पीसमेकर'चा १० ऑक्टोबरला. २५ सप्टेंबरला एका महिन्याची वर्गणी घेतली असती तर दोन्ही मालिका पूर्ण त्यातच बघून झाल्या असत्या. ऑगस्टपासून दर आठवड्याला बघणाऱ्याला त्यासाठी दोन महिने भरावे लागले असते. मात्र काही योजना तीन महिन्यांच्याच असतात, ते आधी बघा. पैसे भरल्या-भरल्या आपोआप नूतनीकरण रद्द करा, मुदत संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी बघता येतं.

भाड्याने सिनेमा घ्यायचा असेल तर प्राइम व्हिडिओच्या दुकानात सुरू करायला ३० दिवस आणि सुरू केल्यावर संपवायला ४८ तास मिळतात. शुक्रवारी रात्री सुरू करा, सोमवारी सकाळी नको. हिंदी सिनेमा थिएटरनंतर ओटीटीवर यायला साधारण आठ आठवडे धरा. तो पुढच्या महिन्याच्या यादीचा विषयच नाही.

अनिमे आणि मांगा

अनिमेचे हंगाम जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला सुरू होतात. एका हंगामात १२-१३ भाग. म्हणून सप्टेंबरच्या यादीत नवीन फार नसतं, चालू मालिकांचे शेवट असतात. नवी यादी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत भरते. जपानी वेळापत्रकात '२५:३०' असं दिसलं तर घाबरू नका. शुक्रवार २५:३० म्हणजे त्यांचा शनिवार पहाटे दीड, आपला शुक्रवार रात्री दहा. पण हा झाला दूरचित्रवाणीचा तास. भारतात ॲपवर भाग त्याच क्षणी येईलच असं नाही, पहिल्या भागाला तास नोंदवा आणि पुढे तोच धरा.

अनिमे सिनेमांचं वेगळं आहे. 'इन्फिनिटी कॅसल' जपानमध्ये १८ जुलैला आला आणि इथे आठ आठवड्यांनी. 'सुझुमे' नोव्हेंबर २०२२ चा, भारतात २१ एप्रिल २०२३ ला. त्यामुळे जपानी तारीख दिसली की ती पुढच्या महिन्यात न लिहिता 'वाट पाहणे'मध्ये टाका आणि भारतीय वितरकाची घोषणा झाल्यावरच हलवा.

शोनेन जंप या जपानी साप्ताहिकातल्या मांगांचे (जपानी कॉमिक्सचे) नवे अध्याय मांगा प्लस या सेवेवर जपानी सोमवार उजाडताच येतात, म्हणजे आपल्या रविवारी रात्री साडेआठला. तिच्या संकेतस्थळावर पहिले तीन आणि ताजे तीन अध्याय फुकट असतात. तिथे सलग तीन आठवडे चुकले तर मधला अध्याय हातचा जातो. नववर्ष, मेची गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या ओबोनला जोडअंक निघतो आणि पुढचा आठवडा रिकामा जातो.

अमेरिकन कॉमिक्सचा वार बुधवार. डीसी हे प्रकाशन २०२० मध्ये मंगळवारी गेलं होतं, जुलै २०२४ पासून तेही बुधवारी परत आलंय. मार्व्हल अनलिमिटेड या वर्गणीच्या ॲपवर अंक साधारण तीन महिन्यांनी येतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात तिथे काय वाचायचं हे आजच तीन महिने मागच्या यादीवरून कळतं.

स्विच २ चा गेम डबीत घेणार असाल तर खोक्यावर 'गेम-की कार्ड' लिहिलंय का बघा. तसं असेल तर कार्डात गेम नसतो, पूर्ण डाउनलोड करावा लागतो. यंत्रात २५६ जीबी आहेत आणि जुनं मायक्रोएसडी कार्ड त्यात गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं.

यादी महिन्यातून एकदा करून भागत नाही. दर गुरुवारी रात्री पंधरा मिनिटं द्या: शुक्रवारपासूनचे खेळ लागलेले असतात, कंपन्यांचे तास जाहीर झालेले असतात. चौथ्या रकान्यातली 'बरीचशी' जिथे 'पक्की' झाली तिथे तास भरा. निर्णयाचा दिवस उलटून गेला आणि निर्णय झाला नसेल, तर ती ओळ 'नंतर'मध्ये हलवा आणि किंमत उतरल्याची सूचना मिळावी म्हणून गेम स्टीमच्या विशलिस्टमध्ये टाका. २०२५ मध्ये स्टीमची शरद ऋतूतली सवलत नोव्हेंबरऐवजी २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर अशी आली होती, म्हणून सवलतींच्या तारखाही याच यादीत एका ओळीत ठेवा.